तीन किलो तांदळाचा लॅपटॉप

काटेवाले चाचा डोळे मिटून वस्तू तळहातावर घ्यायचे आणि तिचं वजन सांगायचे. मग तो मोबाइल असो, रेडिओ असो, की कुणाच्या परसातलं वांगं. हात दोनदा हळूच वरखाली करायचा, ओठ घट्ट मिटायचे आणि म्हणायचं, "चारशे दहा." समोरचा माणूस हसायचा, दुकानात टांगलेल्या पितळी तराजूत ती वस्तू ठेवायचा आणि त्याचं हसू तिथल्या तिथे विरायचं. कधी पाच-दहा ग्रॅमचा फरक पडलाच, तर चाचा संशयाने तराजूकडे पाहायचे. हाताकडे कधीच नाही.

सिंदेवाहीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. चाचांचे वडील आणि आजोबा काटे दुरुस्त करायचे. नागभीडपासून सावलीपर्यंतच्या धानाच्या व्यापाऱ्यांचे तराजू त्यांच्या हातून सरळ होऊन गेलेले. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि ते काम आटलं. चाचा रेडिओकडे वळले, रेडिओकडून टीव्हीकडे, टीव्हीकडून मोबाइलकडे. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ते लॅपटॉपपर्यंत येऊन पोचले होते. नागपूरच्या कचेऱ्यांतून निघालेले जुने लॅपटॉप आणायचे, उघडायचे, साफसूफ करून विकायचे. नाव मात्र काटेवाले ते काटेवालेच. पाटीवर लिहिलं होतं, 'लॅपटॉप, मोबाइल, रेडिओ व काटे दुरुस्त होतील'. काटा घेऊन वर्षात एखादाच यायचा, आणि त्या दिवशी चाचीला घरून चहा पाठवायचा निरोप जायचा.

"मानूस खोटं बोलते, कंपनी खोटं बोलते," चाचा म्हणायचे. "काटा नाई बोलत. त्याले बोलताच नाई येत."

कंपन्यांवर त्यांचा एक खास राग होता. खोक्यावर लॅपटॉपचं वजन छापतात ते चार्जर सोडून छापतात, हा तो राग. गिऱ्हाईक ऐटीत सांगायचं की दोन किलो तीनशेच आहे, आणि चाचा काही न बोलता तराजूत आधी लॅपटॉप, मग त्याच्यावर विटेएवढा चार्जर, मग त्या चार्जरची जाडजूड वायर ठेवायचे. "बिनाचार्जरचा किती घंटे चालते तुमचा?" ते विचारायचे. "दीड घंटा? मंग हे वजन कोन उचलते, कंपनीचा मॅनेजर?" हे त्यांनी माझ्यासमोर इतक्या जणांना ऐकवलं की शेवटी शेवटी मॅनेजर शब्द त्यांच्या आधी माझ्याच तोंडून निघायचा.

पण त्यांचा खरा प्रश्न वेगळाच होता. कुणीही लॅपटॉप मागायला आलं की चाचा विचारायचे, "तुमची बांधी कोनती?"

बांधी म्हणजे धुऱ्यांनी, म्हणजे बांधांनी, आखलेलं धानाचं खाचर. आमच्या भागात धान दोन तऱ्हेचं. हलकं आणि भारी. हलकं लवकर निघतं, पाणी कमी मागतं, म्हणून ते उंचावरच्या बांधीत. भारी उशिरा निघतं, भरतं चांगलं, पण शेवटपर्यंत पायाशी पाणी हवं, म्हणून ते खोलगट बांधीत. यात कमीजास्त असं काही नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण तीच माणसं लॅपटॉप घ्यायला आली की हलका म्हणजे हलक्या प्रतीचा आणि भारी म्हणजे एकदम भारी, असं धरून चालायची. चाचांना याची मोठी गंमत वाटायची आणि थोडी चीडही यायची.

एकदा मूल गावाहून लग्नाचं शूटिंग करणारे एक भाऊ आले. त्यांना चपटा, चकचकीत, एका बोटावर उचलता येईल असा लॅपटॉप पाहिजे होता. मंडपात दिसायला बरा. चाचांनी बांधी विचारली. ते म्हणाले, काम सगळं घरी, खोलीत, पंख्याखाली; तीन-तीन तासांचे व्हिडिओ कापायचे. "मंग तुमची बांधी खोलगट झाली ना भाऊ," चाचा म्हणाले. "घरी बसलेल्याले हलकं कशाले पायजे? भारीच न्या." आणि त्यांना असा एक दांडगा लॅपटॉप दिला की सुरू झाला की पिठाची गिरणी चालू झाल्यासारखं वाटायचं. ते भाऊ वर्षभराने पेढे घेऊन आले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे माझी गोष्ट ऐकून कुणाला वाटेल की चाचांचं वजनाशी वैर होतं. वैर नव्हतं. त्यांची सोयरीकच वजनाशी होती.

आता माझं. आमचं गाव सिंदेवाहीपासून सात-आठ किलोमीटर. धानाची शेती, घरात मी थोरली. भूगोलात एम. ए. केलं, नकाशे करायचा एक अभ्यासक्रम केला आणि गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याच्या एका संस्थेत मला काम मिळालं. गावांच्या सामूहिक वनहक्काच्या दाव्यांसाठी त्यांच्या जंगलाचे नकाशे तयार करायचे. मिळालं म्हणजे पुरतं मिळालं नव्हतं. तीन महिने पाहू, मग ठरवू, असं तिथल्या सरांनी सांगितलं होतं. लॅपटॉप स्वतःचा आणायचा होता. घरी बाबांनीही नेमकं तेच सांगितलं होतं: तीन महिने पाहू. जमलं तर राहा, नाही जमलं तर परत ये, आणि मग मामा सांगतो त्या मुलाला पाहून घेऊ. त्या मुलाबद्दल माझं काही वाईट मत नव्हतं. माझं मत धानोऱ्याच्या जंगलाबद्दल फार चांगलं होतं, एवढंच. लॅपटॉप एकदाच घेता येणार होता. तो चुकला तर तीन महिने चुकणार होते.

एप्रिलच्या सुरुवातीला बाबा आणि मी चाचांच्या दुकानात जाऊन बसलो. चाचांनी दोन लॅपटॉप काढून ठेवले. एक काळा, रुंद, जाड, आतून लाल दिवे लागणारा. दुसरा राखाडी, पातळ, वहीसारखा. माझी नजर काळ्यावरच होती. अभ्यासक्रमातल्या मित्रमैत्रिणींनी मला नीट पढवून पाठवलं होतं: उपग्रहाची चित्रं जड असतात, ग्राफिक कार्ड पाहिजेच, नाहीतर नकाशा उघडेपर्यंत म्हातारी होशील.

बाबांनी तर लॅपटॉपकडे पाहिलंही नाही. "चाचा, माह्या पोरीले हलका माल नोको," ते म्हणाले. "पयल्यांदाच घेऊन राह्यलो. भारी द्या."

चाचा हसले नाहीत. त्यांनी बाबांना पाणी दिलं आणि विचारलं, "भाऊ, तुमची खालची बांधी कशी हाय?"

"एक नंबर. गाळाची हाय. दिवाळीपावतर पानी हटत नाई."

"काय लावता तिथी?"

"भारी धान. आनखी काय लावीन?"

"आन वरच्या बांधीत?"

"वरच्या बांधीत भारी लावून मरायचं हाय काय?" बाबा म्हणाले. "पानी कुठी राह्यते तिथी? हलकंच लावा लागते."

"मंग ते हलक्या धानाचे तांदूळ तुम्ही फेकून देत असान."

"काऊन फेकू? दसऱ्याच्या आधी घरात येते ते. पयला भात त्याचाच होते ना."

"मंग आता सांगा," चाचांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या पोरीची बांधी कोनती?"

बाबांनी टोपी काढली, आत पाहिलं आणि परत घातली. वादात मागे सरताना त्यांची ही ठरलेली पद्धत आहे. मी मात्र मागे सरणारी नव्हते. मी रॅम, कार्ड, प्रोसेसर असं बरंच काही बोलले. चाचांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना त्यातलं माझ्याहून जास्त कळत होतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

माझं संपल्यावर ते उठले. तराजूच्या एका पारड्यात काळा लॅपटॉप ठेवला, त्यावर चार्जर, त्यावर वायर. दुसऱ्या पारड्यात डब्यातले तांदूळ ओतत गेले. काटा मध्ये आला तेव्हा तांदूळ तीन किलो भरले. ते त्यांनी जुन्या पँटच्या कापडाच्या एका थैलीत ओतले, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेल्या. थैलीचं तोंड सुईदोऱ्याने शिवलं आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

"हा तुया लॅपटॉप," ते म्हणाले. "आठ दिवस सोबत ठेव. जिथी जाशीन तिथी. आठ दिवसानं ये, मंग बोलू."

तोंड शिवायचं कारण मला नंतर चाचीकडून कळलं. पूर्वी चाचा उघडीच थैली द्यायचे. लोक आठ दिवसांनी यायचे आणि खुशाल सांगायचे, काहीच जड गेली नाही. तराजूत टाकली की थैली दीड किलो भरायची. एका मास्तरांनी तर सरळ कबूल केलं होतं की पाहुणे आले म्हणून शिजवले. तेव्हापासून चाची तोंड शिवायला लागली, आणि चाची कामात असली की चाचा.

मी आठ दिवस ती थैली इमानेइतबारे वागवली. बसने नागभीडला मैत्रिणीकडे गेले, थैली खांद्यावर. बाजारात गेले, खांद्यावर. चुलतबहिणीच्या साखरपुड्यात नव्या साडीवरही ती अडकवली आणि काकूने मला बाजूला घेऊन विचारलं की बरं आहे ना. मला ती अजिबात जड गेली नाही. धानाचे भारे डोक्यावरून आणणाऱ्या पोरीला तीन किलोचं काय? चाचा हरणार, याची मला खात्री होती, आणि खरं सांगायचं तर आनंदही होत होता.

नवव्या दिवशी मी एकटीच गेले. थैली त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी टाके पाहिले, डोळे मिटून थैली हातावर घेतली, "पुरी हाय," म्हणाले आणि खाली ठेवली.

"जड गेली?"

"नाई," मी छाती काढून म्हणाले. "जराशीबी नाई."

"नाईच जानार. शेतकऱ्याची पोरगी तू. ते मले माहीत होतं."

"मंग काळा देता ना?"

"देतो. पन एक सांग. थैली कुठी कुठी सोडून गेलती?"

"कुठीच नाई."

चाचा गप्प राहिले. त्यांची गप्प राहण्याची तऱ्हा अशी होती की समोरच्याला आपणच खोटं बोलल्यासारखं वाटायचं. ते पेचकस फडक्याने पुसत बसले. आणि मला एकेक आठवायला लागलं. आईबरोबर पहाटे मोहफुलं वेचायला गेले होते. हातात टोपली होती, मग थैली खुंटीला राहिली. मामाच्या गावाला जाताना चप्पल हातात घेऊन वैनगंगेच्या वाळूतून आणि गुडघाभर पाण्यातून जायचं होतं, तेव्हा घरीच ठेवली. आणि ओळखीच्या एका आजारी म्हातारीला डोंगरीपलीकडे भेटायला गेले, उन्हाचं, चालत, तेव्हाही. मी तिन्ही ठिकाणं सांगितली. सांगताना आवाज बारीक होत गेला.

"पाह्य आता," चाचा म्हणाले. "बसमध्ये नेली, बाजारात नेली, साखरपुड्यात नेली. जंगलात नाई, नदीतून नाई, डोंगरीवर नाई. तुयं काम कुठी हाय, बेटा? बाजारात?"

चाचांनी पेचकस खाली ठेवला.

"जिथी थैली गेली नाई, तिथीच तुयं काम हाय."

आजवर मला शहाण्या माणसांनी बरंच काही सांगितलं आहे. त्यातलं इतकं खोल काहीच गेलं नाही. तरी मी एक शेवटची धडपड केली. "पन चाचा, पातळ्यावर नकाशा हळू उघडीन."

"हळू उघडीन. पन उघडीन. घरी राह्यलेला कितीबी जोरदार असला तरी उघडतच नाई."

मी राखाडी घेतला. चाचांनी त्याची रॅम वाढवून दिली, मोबाइलच्या चार्जरसारख्याच बारक्या चार्जरवर तो कसा चालतो ते दाखवलं आणि डोळे मिटून हातावर घेऊन म्हणाले, "एक किलो दोनशे ऐंशी." तराजूने मान्य केलं. घरी बाबांनी तो उचलला आणि त्यांचा चेहरा उतरला. आठ दिवस गावात कुणी विचारलं की ते सांगायचे, "लॅपटॉप घेतला." कसला, ते सांगायचे नाहीत.

पहिले दोन महिने मी चाचांना मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. नकाशा खरंच हळू उघडायचा. कधी मध्येच थांबायचा. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याकडे काळ्यासारखाच एक दणकट होता; त्याचं काम दुपारी संपायचं आणि माझं संध्याकाळी. सर माझ्या खुर्चीमागून जाताना क्षणभर थांबायचे, पडद्यावर फिरणारं चक्र पाहायचे आणि पुढे जायचे. ते काही बोलत नसत, म्हणून मला जास्त भीती वाटायची. शेवटी मी रडकुंडीला येऊन चाचांना फोन केला.

"एका वेळी किती नकाशा उघडते तू?" त्यांनी विचारलं.

"सगळा. पूर्ण तालुका."

"अगे बापा! एवढं वावर एका दमात कोन रोवते? बांध्या पाड ना."

झालं. तेवढंच. मी तालुक्याचं चित्र गावागावांत तोडलं, गावाचं टोल्याटोल्यात, म्हणजे वाड्यावस्त्यांत, आणि लागेल तेवढाच तुकडा उघडायला लागले. हे पुस्तकात लिहिलेलं होतं, मला शिकवलंही होतं. पण शिकवताना बांधी म्हणालं नव्हतं कुणी.

तीन महिने संपायला नऊ दिवस उरले असताना धानोरा तालुक्यातल्या एका गावाचा नकाशा माझ्याकडे आला. जुन्या कागदांवरून हद्द आखून झाली होती. गावात जायचं, ग्रामसभेला नकाशा दाखवायचा, सह्या-अंगठे घ्यायचे आणि चार दिवसांत दावा दाखल करायचा. शेवटचे चार किलोमीटर पायवाट होती आणि मध्ये एक नाला. पाणी मांडीपर्यंत आलं होतं. सहकारी म्हणाला, लॅपटॉप कशाला, कागदाची प्रत ने. तो तशा जागी नेहमी कागदच न्यायचा. मी राखाडी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला, पाठीवरच्या पिशवीत टाकला आणि नाला ओलांडला. तो पाठीवर आहे हे पलीकडे गेल्यावर आठवलं, इतका तो हलका होता.

मोहाच्या झाडाखाली खाट टाकली होती. लोक जमले. मी कागद पसरला तर सगळ्यांनी माना डोलावल्या. काळ्या रेघा, आकडे. सगळे अंगठा द्यायला तयार. मला काय वाटलं कोण जाणे, मी लॅपटॉप उघडला आणि उपग्रहाचं चित्र काढलं, त्यांच्याच गावाचा तुकडा. घरांची कौलं दिसली, तळं दिसलं, आणि एकदम गलका झाला. मागे बसलेली एक म्हातारी उठून पुढे आली. ती गोंडी बोलत होती, अंगणवाडीच्या ताई मला मराठीत सांगत होत्या. तिने आधी आपलं घर शोधलं, मग आपली बांधी, मग बोट जंगलात नेलं. आमची हद्दीची रेघ एका नाल्यावर थांबली होती. म्हातारीचं बोट तिथे थांबलं नाही. ते पुढे गेलं, दुसऱ्या नाल्यापर्यंत.

"ती म्हणते, रेघ चुकली," ताई म्हणाल्या. "म्हणते, आमची मोहाची झाडं या दोन नाल्यांच्या मधात आहेत. तिची सासूही तिथंच वेचायची."

दोन नाल्यांच्या मधला तो सगळा पट्टा आमच्या कागदावर नव्हता. अंगठे दिले असते तर तो कायमचा दाव्याबाहेर राहिला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी पुढे, मी मागे, हातात जीपीएस, अशा दोघी दुसऱ्या नाल्यापर्यंत चालत गेलो. तिने मला एकेक झाड दाखवलं. मी तिथेच एका दगडावर बसून रेघ नीट केली आणि ती पडद्यावर सरकताना म्हातारीने पाहिली. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि लॅपटॉपवरूनही फिरवला.

सरांनी नवी हद्द पाहिली, जुनी पाहिली, बराच वेळ दोन्हींकडे पाहत बसले. मग म्हणाले, "सोमवारपासून कोरची तालुका घ्या." मला कायम केल्याचं त्यांनी वेगळं असं कधी सांगितलंच नाही.

मी आधी बाबांना फोन केला आणि मग चाचांना. चाचांना सगळं सविस्तर सांगितलं. नाला, मोहाचं झाड, म्हातारीचं बोट.

"चार्जर नेलता?" त्यांनी विचारलं.

"नेलता."

"मंग ठीक."

बाबा त्यानंतर लॅपटॉपबद्दल गावात मोकळेपणी बोलायला लागले. "हलका हाय," ते सांगायचे. "नाल्यातून जाते."

पुढची पाच वर्षं मी दर दिवाळीला लॅपटॉप चाचांकडे न्यायची. ते तो उघडायचे, आतली लाल धूळ झटकायचे, एखादं धानाचं फोलपट चिमट्याने काढून मला दाखवायचे. पण त्याआधी डोळे मिटून हातावर घ्यायचे आणि म्हणायचे, "एक दोनशे ऐंशी." आमचा तो नमस्कारच होता.

गेल्या दिवाळीला त्यांनी लॅपटॉप हातावर घेतला, दोनदा वरखाली केला आणि म्हणाले, "एक चारशे." मला वाटलं थट्टा करताहेत. त्यांनी तराजूत ठेवला. एक दोनशे ऐंशी. त्यांनी संशयाने तराजूकडे पाहिलं, वजनं फुंकून पुन्हा ठेवली. एक दोनशे ऐंशी. मग ते आपल्या हाताकडे पाहायला लागले. तेव्हा माझंही लक्ष गेलं. हात हळू थरथरत होता.

"हात खोटं बोलून राह्यला, बेटा," ते म्हणाले.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यांनीच मला पाणी दिलं. त्या दिवशी लॅपटॉप मी उघडला आणि कुठला स्क्रू आधी, कुठला नंतर, ते चाचा सांगत बसले.

उन्हाळ्यात त्यांनी दुकान आवरलं. मुलगी नागपूरला असते, तिने चाचा-चाचीला बोलावून घेतलं होतं. औषधपाणी तिथे बरं होणार होतं. मी निरोप द्यायला गेले तर सामान बांधून झालं होतं. पेचकसांचा डबा, दोन पेट्या, चाचीची शिलाई मशीन. तराजू मात्र भिंतीवर तसाच टांगलेला.

"चाचा, काटा नेत नाही?"

"वजनं धरून वीस किलो हाय. कुठी बसमध्ये नेऊ?"

"मी पोचवते ना. आमची गाडी जाते नागपूरला."

"नोको."

"आजोबांचा काटा आहे, चाचा. सोडून जाता?"

चाचा माझ्याकडे पाहून हसले. पाच वर्षांपूर्वी पेचकस पुसता पुसता पाहिलं होतं तसंच. "म्या तुले काय विचारलं होतं? थैली कुठी सोडली. आन काय सांगितलं होतं?"

"जिथी सोडली, तिथीच काम हाय."

"मंग? काटा इथी सोडून चाल्लो. काम इथीच हाय." त्यांनी तांदळाची ती थैली माझ्या हातात दिली, पट्टा दोनदा नव्याने शिवलेली. "काटा तू घेऊन जाय. करजो."

तराजू आता धानोऱ्याला आमच्या कचेरीत टांगलेला आहे. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला लॅपटॉप घ्यावा लागतो आणि प्रत्येकीला तो भारीच पाहिजे असतो. चाचा नागपूरहून रविवारी फोन करतात. मुलीच्या घरी ते आता भाजी हातावर तोलतात आणि चुकतात, असं चाची मागून ओरडून सांगते. चाचा तिला गप्प करतात आणि मला विचारतात, कोण आलं, बांधी कोणती.

परवा कोरचीकडून एक मुलगी येणार आहे. तिचा फोन आला होता. "ताई, मी सगळं पाहून ठेवलं आहे," ती म्हणाली. "मला हलका नको."

"ये," मी म्हटलं. "आणि चांगली चप्पल घालून ये."

तांदूळ मोजून झाले आहेत. थैलीचं तोंड मी कालच शिवलं.